थांब म्हटलं तरी थांबेना!

प्रोजेक्टच्या डेमोला दोन दिवस उरले होते आणि मी माझ्या प्रोजेक्ट पार्टनरशी बोलणं बंद केलं होतं. कारण विचाराल तर एक ब्रेकपॉइंट! हसू नका. हॉस्टेलमध्ये भांडणं बादलीवरून होतात, पंख्याच्या स्पीडवरून होतात, मॅगीच्या शेवटच्या पाकिटावरून तर दर आठवड्याला होतात. आमचं डीबगरवरून झालं, इतकंच. पण त्या भांडणातून मी जे शिकलो ते चार सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलमध्ये शिकलो नव्हतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा प्रोजेक्ट तसा साधा. तापमानाच्या सेन्सरकडून रीडिंग्ज घ्यायची, त्यातला नॉइज काढायचा आणि स्क्रीनवर ग्राफ दाखवायचा. काम वाटून घेतलं होतं. मुख्य प्रोग्राम माझा आणि नॉइज काढणारी लायब्ररी त्याची. भाषा सी, मशीन म्हणजे माझा उबंटूवाला लॅपटॉप. लायब्ररीचं नाव ‘लिबफिल्टर.एसओ’ आणि तिच्यातलं मुख्य फंक्शन ‘स्मूथ’. (कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजीतच टाइप करायची, हे वेगळं सांगायला नको.)

तर होत होतं असं, की शेवटच्या काही रीडिंग्जची सरासरी साफ चुकत होती. मी पार्टनरला सांगितलं. तो म्हणाला, “अरे, ते तर मी परवाच दुरुस्त केलंय. माझ्याकडे बरोबर येतंय.” मी म्हटलं, “माझ्याकडे चुकतंय ना पण!” झालं, ठिणगी पडली.

मी जीडीबी उघडला. त्याच्या ‘फिल्टर.सी’ फाइलमध्ये ४२ नंबरच्या ओळीवर त्यानं दुरुस्ती केली होती, म्हणून तिथेच ब्रेकपॉइंट लावला. जीडीबीनं काहीतरी विचारलं, मी न वाचता ‘वाय’ दाबलं. रन केलं. प्रोग्राम सुसाट सुटला तो थेट शेवटपर्यंत. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ४१ वर लावला, ४३ वर लावला. थांब म्हटलं तरी थांबेना! रात्रीचे अडीच वाजले आणि माझा निष्कर्ष निघाला: याची ती ओळ चालतच नाही, म्हणजे यानं काही दुरुस्त केलेलंच नाही, नुसत्या थापा मारतोय.

दुसऱ्या दिवशी गाइड मॅडमसमोर मी बोलून मोकळा झालो, “मॅडम, माझा भाग पूर्ण आहे. लायब्ररीचंच राहिलंय.” तो काहीच बोलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

दुपारी लॅबमध्ये तोच उद्योग चालू असताना लॅब असिस्टंट सर मागे येऊन उभे राहिले. आमच्या बॅचच्या आधीपासून ते लॅब सांभाळतात. त्यांनी कीबोर्डला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, “ओळ नंबर सोड. फंक्शनच्या नावानं लाव बघू.”

मी ‘ब्रेक स्मूथ’ दिलं, रन केलं. आणि काय आश्चर्य, थांबला की!

“आता समोर जी ओळ आलीय ती वाच. मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. ब्रेकपॉइंट नंबर, मग एक लांबलचक पत्ता, मग ‘इन स्मूथ’, आणि मग ‘फ्रॉम /यूएसआर/लोकल/लिब/लिबफिल्टर.एसओ’.

“तुमची लायब्ररी कुठे आहे?”

“माझ्या होम फोल्डरमध्ये, सर. प्रोजेक्टच्या डिरेक्टरीत.”

“मग ही कोण?”

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. महिन्याभरापूर्वी प्रोग्राम सुरू होताना ‘शेअर्ड लायब्ररी सापडत नाही’ अशी एरर यायची. तेव्हा वैतागून मीच सुडो वापरून लायब्ररीची एक कॉपी /यूएसआर/लोकल/लिब मध्ये टाकली होती, ‘एलडीकॉन्फिग’ चालवलं होतं आणि विसरून गेलो होतो. पार्टनर बिचारा रोज नवी लायब्ररी देत होता आणि माझा प्रोग्राम रोज महिन्यापूर्वीची जुनी लायब्ररी उचलत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!

आता तुम्ही म्हणाल, डीबगरनं हे आधीच का नाही सांगितलं? मंडळी, त्यानं सांगितलं होतं. मी वाचलं नव्हतं. ते कळण्यासाठी आधी ब्रेकपॉइंट म्हणजे नेमकं काय ते बघू.

ब्रेकपॉइंट म्हणजे काय?

हा शब्द एनियाकच्या काळातला. १९४६ साली जगासमोर आलेल्या या अवाढव्य मशीनमध्ये प्रोग्राम म्हणजे एका युनिटमधून दुसऱ्यात जोडलेल्या केबल्स. प्रोग्राम एका जागी थांबवायचा तर तिथली केबल उपसायची, म्हणजे जोडणी तोडायची. ही कल्पना बेटी होल्बर्टन या महिला प्रोग्रामरची मानली जाते. आज केबल नाही, पण तत्त्व तेच आहे.

आपल्या लॅपटॉपमधल्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर जीडीबी काय करतो? ज्या पत्त्यावर थांबायचं, तिथल्या इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट काढून जपून ठेवतो आणि त्या जागी हेक्समधला ‘सीसी’ (म्हणजे आपल्या भाषेत २०४) हा एकच बाइट लिहितो. प्रोसेसर तिथे पोचला की ट्रॅप होतो, कर्नल आपल्या प्रोग्रामला थांबवतो आणि जीडीबीला कळवतो. पुढे जायचं म्हटलं की जीडीबी मूळ बाइट परत ठेवतो, एक पाऊल पुढे जातो आणि पुन्हा ‘सीसी’ लावून ठेवतो. बस, एवढीच जादू.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. प्रोसेसरला ‘फिल्टर.सी’ माहीत नाही, ४२ नंबरची ओळ माहीत नाही, तुमची सुंदर कॉमेंट तर नाहीच नाही. त्याला फक्त पत्ते कळतात. मग ओळ नंबरवरून पत्ता कोण काढतं? त्यासाठी एक नकाशा लागतो. कंपाइल करताना ‘-जी’ फ्लॅग दिला की जीसीसी हा नकाशा फाइलमध्ये भरतो. लिनक्सवर त्या फॉरमॅटचं नाव ड्वार्फ, कारण मूळ फाइलच्या फॉरमॅटचं नाव एल्फ. परीकथेतली जोडी जमवली आहे पठ्ठ्यांनी!

म्हणजे तीन गोष्टी झाल्या: स्क्रीनवरचा सोर्स, तो नकाशा, आणि मेमरीत प्रत्यक्ष चाललेला कोड. ब्रेकपॉइंट लागायचा तर या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात. आपण मात्र फक्त सोर्सकडे बघत बसतो. ब्रेकपॉइंट दगा देतो तेव्हा बहुतेक वेळा या तिघींपैकी एक दुसऱ्या गावची असते.

लायब्ररीतच जास्त त्रास का?

मुख्य प्रोग्राम ही एकच फाइल असते आणि ती आपणच जीडीबीला देतो, त्यामुळे घोळ कमी. शेअर्ड लायब्ररीचं तसं नाही. ती प्रोग्राम सुरू झाल्यावर मेमरीत येते, आणि कुठून आणायची हे डायनॅमिक लिंकर ठरवतो.

इथे माझी मोठी गैरसमजूत होती. लिंक करताना आपण ‘-एल’ देऊन लायब्ररीचं फोल्डर सांगतो, तेव्हा मला वाटायचं की रन करतानाही तेच फोल्डर वापरलं जातं. अजिबात नाही! तो पत्ता फक्त लिंक करण्यापुरता. रन करताना नवा शोध सुरू होतो. प्रोग्रामच्या आतच एखादा मार्ग लिहून ठेवलेला असेल तर तो, ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ सेट असेल तर त्यातली फोल्डर्स, मग एलडीकॉन्फिगनं बनवलेली यादी, आणि शेवटी सिस्टिमची ठरलेली फोल्डर्स. पार्टनरच्या स्क्रिप्टमध्ये एलडी_लायब्ररी_पाथ सेट होता, म्हणून त्याच्याकडे नवी लायब्ररी लागायची. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून यादीतली जुनी. “माझ्याकडे बरोबर येतंय” हे त्याचं वाक्य शंभर टक्के खरं होतं.

आणि ती जुनी कॉपी ‘-जी’ शिवाय बनलेली होती. म्हणजे तिच्यात फंक्शनची नावं होती, पण ओळींचा नकाशा नव्हता. म्हणून ‘स्मूथ’ या नावावर जीडीबी थांबला आणि ओळ ४२ वर थांबू शकला नाही. सगळं कोडं सुटलं.

मग शोधायचं कसं?

त्या दिवसानंतर मी एक क्रम ठरवून घेतला आहे. आता ज्युनियर्स रात्री दार वाजवतात तेव्हा याच क्रमानं विचारतो.

१. जीडीबीनं काय विचारलं ते वाचा. लायब्ररी अजून मेमरीत आलेली नसते तेव्हा जीडीबी म्हणतो, या नावाची सोर्स फाइल नाही, पुढे एखादी लायब्ररी आली तर त्या वेळी ब्रेकपॉइंट लावू का? ‘वाय’ म्हटलं की तो ‘पेंडिंग’ राहतो. यात गैर काही नाही. पण रन केल्यावर ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ देऊन बघा. अजूनही पेंडिंगच दिसत असेल तर तो कुठेच लागलेला नाही, आणि जन्मात थांबणार नाही. व्हीएस कोड वापरणाऱ्यांनी लाल ठिपक्याकडे बघावं. तो करडा आणि पोकळ झाला की समजायचं, ब्रेकपॉइंट नुसता नावाला आहे.

२. नेमकी कुठली लायब्ररी आली ते बघा. आधी ‘स्टार्ट’ द्या, म्हणजे प्रोग्राम मेनपाशी थांबेल. मग ‘इन्फो शेअर्डलायब्ररी’. प्रत्येक लायब्ररीचा पूर्ण मार्ग समोर येतो. नावावर जाऊ नका, मार्ग बघा. तिथेच ‘यस’ च्या पुढे कंसात चांदणी दिसली तर त्या लायब्ररीत डीबगचा नकाशा नाही. मी पहिल्या रात्री ही एक कमांड दिली असती तर झोप झाली असती आणि मैत्रीही टिकली असती. जीडीबीच्या बाहेर हेच काम ‘एलडीडी’ करतो.

३. नकाशा आहे का ते बघा. नसेल तर ‘-जी’ देऊन लायब्ररी पुन्हा बनवा. मुख्य प्रोग्रामला ‘-जी’ दिला म्हणून लायब्ररीला आपोआप मिळत नाही, दोघींना वेगवेगळा द्यावा लागतो. आणखी एक गंमत: नकाशा नसलेल्या फंक्शनवर ‘स्टेप’ दिलं तर जीडीबी आत न शिरता ‘नेक्स्ट’ सारखा पुढे निघून जातो. “स्टेप आतच जात नाही” ही तक्रार असेल तर कारण बहुधा हेच.

४. नकाशा जुना तर नाही ना? सोर्समध्ये वर चार ओळी घातल्या आणि लायब्ररी पुन्हा बनवलीच नाही, तर ब्रेकपॉइंट लागतो, पण भलत्याच ओळीवर. कर्सर कॉमेंटवर थांबतो, रिकाम्या ओळीवर थांबतो. अशा वेळी ‘सोर्स फाइल एक्झिक्युटेबलपेक्षा नवी आहे’ असा इशारा जीडीबी देतो. आपण तो ओलांडून पुढे जातो, सवयीनं.

५. ऑप्टिमायझेशन बघा. ‘-ओ२’ दिलं की कंपाइलर ओळींची सरमिसळ करतो, लहान फंक्शन बोलावणाऱ्याच्या पोटातच घालतो, काही ओळी तर गाळूनच टाकतो. मग ४२ वर लावलेला ब्रेकपॉइंट ४७ वर सरकतो आणि व्हेरिएबलची किंमत विचारली तर ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असं उत्तर येतं. डीबग करताना ‘-ओ०’ किंवा ‘-ओजी’ वापरा.

६. थांबतो, पण सोर्स दिसत नाही? नकाशात सोर्सचा मार्ग कंपाइल करतानाचा असतो. लायब्ररी पार्टनरच्या लॅपटॉपवर बनली असेल तर नकाशात त्याच्या होम फोल्डरचा मार्ग असणार, तो तुमच्याकडे कुठून येणार? ‘डिरेक्टरी’ कमांडनं सोर्सचं फोल्डर सांगा, किंवा ‘सेट सबस्टिट्यूट-पाथ’ नं जुन्या मार्गाच्या जागी नवा द्या.

७. लायब्ररी उशिरा येते का? प्लगइन प्रोग्राम चालू असताना मध्येच लोड होतात. पायथनसाठी सी मध्ये लिहिलेलं मॉड्यूलही ‘इम्पोर्ट’ ची ओळ आली की मगच मेमरीत येतं. तिथे जीडीबी पायथनवरच चालवायचा आणि ब्रेकपॉइंट पेंडिंग ठेवायचा. अशा वेळी पेंडिंग हे दुखणं नसून औषध आहे.

८. सिस्टिमची लायब्ररी असेल तर? डिस्कची जागा वाचवण्यासाठी उबंटू, फेडोरा वगैरे त्यांच्या लायब्रऱ्यांमधला नकाशा काढून वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. प्रत्येक फाइलमध्ये ‘बिल्ड आयडी’ नावाचा एक नंबर असतो. त्यावरून जीडीबी नेमका जुळणारा नकाशा ओळखतो. जीडीबी १० पासून, म्हणजे २०२० पासून, ‘डीबगइन्फोडी’ सर्व्हरवरून तो नकाशा परस्पर उतरवून घ्यायची सोय आहे. हॉस्टेलच्या वायफायवर मात्र चहा करून ठेवा, वेळ लागतो.

स्वतः करून बघा

विश्वास बसत नसेल तर पाच मिनिटांचा प्रयोग. फर्स्ट इयरला लिहिला तो पहिला प्रोग्राम घ्या, ‘प्रिंटएफ’ नं एक वाक्य आणि शेवटी नवी ओळ छापणारा. जीसीसीनं ‘-जी’ देऊन कंपाइल करा. जीडीबीत ‘ब्रेक प्रिंटएफ’ द्या, पेंडिंगला हो म्हणा, रन करा. वाक्य छापलं जाईल, प्रोग्राम संपेल, पण थांबणार नाही! आता ‘ब्रेक पुट्स’ देऊन बघा. थांबेल.

का? वाक्यात काही भरायचं नाही आणि शेवटी नवी ओळच आहे, हे बघून जीसीसीनं तुमच्या प्रिंटएफच्या जागी गुपचूप पुट्स घातलं, कारण ते काम सोपं. ‘-एफनो-बिल्टइन’ देऊन पुन्हा कंपाइल केलंत तर प्रिंटएफवर थांबेल. स्क्रीनवर प्रिंटएफ, मशीनमध्ये पुट्स. पाच ओळींच्या प्रोग्राममध्ये ही तऱ्हा, तर दोघांनी मिळून लिहिलेल्या प्रोजेक्टमध्ये काय होत असेल?

मला वाटतं सगळ्याचं सार एवढंच आहे. डीबगर रुसत नाही आणि खोटंही बोलत नाही. प्रत्यक्ष चाललेल्या फाइलबद्दल तो खरं तेच सांगतो. आपल्या डोक्यात मात्र दुसरीच फाइल असते. म्हणून “हा थांबत का नाही?” याच्या आधी “चालू काय आहे?” हे विचारायचं. आणि माणसावर आळ घेण्याच्या आधी तर नक्कीच.

बाकी, त्या दिवशी लॅबमधून निघून मी आधी /यूएसआर/लोकल/लिब मधली ती कॉपी उडवली आणि एलडीकॉन्फिग पुन्हा चालवलं. एलडी_लायब्ररी_पाथ सेट केला, प्रोग्राम रन केला. सरासरी बरोबर! ४२ वर ब्रेकपॉइंट लावला, शहाण्यासारखा थांबला. मग गाइड मॅडमकडे गेलो आणि चूक माझी होती, लायब्ररी दोन दिवसांपासून तयार आहे, असं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “हे मला नाही, त्याला सांगा. आणि रिपोर्टमध्येही लिहा.”

रिपोर्टमध्ये अर्धं पान लिहिलं. ते सोपं होतं. त्याच्या रूमवर जायला मात्र संध्याकाळ झाली. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, कॉपी, एलडीकॉन्फिग, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, “मॅडमसमोर तसं बोलायला नको होतंस.” मी म्हटलं, “हो.” थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग त्यानं खुर्चीवरचे कपडे उचलून बेडवर टाकले आणि विचारलं, “ती चांदणी कुठे दिसते म्हणालास? दाखव बरं.”

मी बसलो आणि लॅपटॉप उघडला.